चेहरा, साडी आणि नाव

१९३१ साली मुंबईत 'फरेबी जाल' नावाचा एक चित्रपट आला आणि पडला. आज तो कोणाच्या लक्षात राहण्याचे काही कारण नव्हते. पण त्यात जेमतेम दहा मिनिटांचे काम करणाऱ्या बाईंचे नाव दुर्गा खोटे होते, आणि निर्माते मोहन भवनानी यांनी जाहिरातीत चित्रपटाच्या गोष्टीपेक्षा या नव्या नटीच्या कुळाचाच डंका पिटला होता. नामवंत सॉलिसिटर लाड यांची कन्या, प्रतिष्ठित खोटे घराण्याची सून! त्यानंतर उठलेल्या गदारोळाबद्दल दुर्गाबाईंनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. घरची मिळकत आटलेली, पदरी दोन मुलगे, शिकवण्यांवर भागेना, म्हणून त्यांनी हे काम पत्करले होते. समाजाने यातले काहीच विचारात घेतले नाही. पुढच्याच वर्षी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या आणि त्याच समाजाने त्यांना डोक्यावर घेतले, हा भाग वेगळा.

मला या प्रसंगात चित्रपटापेक्षा ती जाहिरात महत्त्वाची वाटते. त्या काळात पडद्यावर बायका नव्हत्या असे नाही. सुलोचना होती, सीतादेवी होती. पण सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आणि सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. नाव एकीचे, चेहरा दुसरीचा. पाहणाऱ्याला या सोयीची सवय झाली होती. भवनानींनी ती सोय मोडली. चेहरा, अंगावरची साडी आणि तिच्या घरचे खरे नाव, तिन्ही एका कागदावर छापून टाकली. लोक चिडले ते दुर्गाबाईंच्या चेहऱ्यावर नव्हे, त्या चेहऱ्याखाली आलेल्या दोन आडनावांवर.

पोशाखाचा इतिहास लिहिताना आपण वार मोजतो, काठ पाहतो, पेठा नोंदवतो. पैठणची जर, इरकलचा पदर, नऊवारीची पाचवारी कधी झाली, हे सगळे आवश्यकच आहे. पण नेसण्याची नवी तऱ्हा एका बाईकडून दुसरीकडे जाते ती आधी डोळ्यांनी. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, देवळात कोणीतरी कोणालातरी निरखून पाहते आणि घरी येऊन आरशापुढे उभी राहते. छापखाना आल्यावर या पाहण्याला गावाची वेस उरली नाही. आणि तिथेच पंचाईत झाली. छापील चित्रात पाहायचे कोणाला? कोणाची मुलगी, कोणाची सून तिथे उभी करायची? माझ्या पाहण्यात जे जुने अंक, शिळाछापाची चित्रे आणि नाटकवाल्यांचे फोटो आले, त्यांवरून मला असे दिसते की मराठी छपाईने हा प्रश्न बराच काळ चुकवला. चेहरा, साडी आणि नाव या तिहींपैकी एक काहीतरी ती नेहमी गाळत आली.

सुरुवात राजा रविवर्म्यापासून करावी लागते. १८९४ साली त्याने मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला, काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि पुढे तो आपल्याकडच्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप, वर वार्निशचा हात. या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात गेल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्या साडी नेसून गेल्या, याकडे मात्र आपण फारसे लक्ष देत नाही. पुराणातल्या स्त्रियांना कोणता वेष द्यावा हा रविवर्म्यापुढचा खरा पेच होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रे करताना तो आणि त्याचा भाऊ प्रांतोप्रांतीचे वेष पाहत हिंडले, आणि शेवटी साडीवर येऊन थांबले. पुढे निऱ्या, डाव्या खांद्यावरून पदर. दमयंती, शकुंतला, सरस्वती सगळ्यांना एकच उत्तर. देवीनेच नेसली म्हटल्यावर त्या नेसण्याला हरकत घेणार कोण?

या छापील देव्यांची आणखी एक गंमत. हौशी बायका त्या तसबिरींवर खऱ्या कापडाची साडी चिकटवत, जरीचा काठ लावत, टिकल्या-मणी जडवत. अशा सजवलेल्या तसबिरी अजून जुन्या बाजारात सापडतात. चित्र पाहून बाई साडी नेसायला शिकत होती आणि बाई चित्राला साडी नेसवत होती. नियतकालिकांतल्या 'स्टाइल'चा आपल्याकडचा पहिला धडा मी या तसबिरींना म्हणेन.

पण चित्राला चेहरा लागतो आणि चेहऱ्याला समोर बसलेली बाई लागते. घरंदाज बायका चित्रकारापुढे बसत नसत. गोव्यात पेडणे महालातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांच्या चरित्रात सांगतात की त्या तरुणपणी रविवर्म्यासाठी बसल्या होत्या. जन्म १८८३चा. भेंडीबाजार घराण्याची तालीम, पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकरांनाही त्यांनी शिकवले, १९५८ साली त्या संगीत नाटक अकादमीच्या फेलो झाल्या. गाण्याने त्यांना नाव दिले. चित्रांच्या बाबतीत मात्र नाव राहिले चित्रकाराचे, आणि चित्रातल्या बाईचे नाव झाले मोहिनी किंवा चांदण्यात बसलेली कोणी एक स्त्री. कलावंतिणीचा चेहरा देव्हाऱ्यात चालला, कारण तो तिचा आहे हे कोणाला सांगायचे नव्हते.

आता छायाचित्र. इथे थोडे तंत्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ठसे आले आणि फोटो अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच छपाईत घेता येऊ लागला. बारीक रेघांच्या काचेतून फोटो पुन्हा टिपायचा, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी, त्याहून बारीक केली तर शाई पसरून सगळा चिखल. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला सव्वाशे-दीडशे रेघा सहज उठतात. म्हणून जुन्या मासिकांत फोटो वेगळ्या गुळगुळीत पानांवर, अंकाच्या मध्ये शिवलेले असत. दिवाळी अंकांत आर्ट पेपर मिरवण्याची आपली हौस इथून आली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट काचेच्या प्लेटची. त्या काळच्या प्लेटला तांबडा रंग दिसतच नसे. निळे पांढुरके उठे, तांबडे काळे पडे. कुंकू काळे, लाल शालू काळा, ओठ काळे, आणि गव्हाळ कांती होती त्याहून सावळी. मग चेहऱ्याला पावडर थापायची, नंतर निगेटिव्हवर पेन्सिलीने कारागिरी करून गाल उजळायचे. फोटोतली बाई मुळापेक्षा गोरी निघण्याची आपल्याकडची परंपरा सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी सुरू केलेली नाही. स्टुडिओतला रिटचिंगवाला त्यांच्या आधीचा. पण माझा मुद्दा दुसराच आहे. अशा फोटोवरून रंगाची नक्कल करताच येत नव्हती. बघणारीच्या हाती लागत ती फक्त नेसण: निऱ्या कशा पडल्या, पदर कुठून घेतला, खोपा किती खाली, गजरा कोणत्या बाजूला, नथ केवढी. काळ्यापांढऱ्या छायाचित्राने मराठी बाईला रंग शिकवला नाही, ठेवण शिकवली.

आणि फोटो कोणाचे? पडद्यातल्या बायकांसाठी लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या ताब्यात दिला, यावरून अडचण किती होती ते कळते. आपल्याकडे पडदा तसा नव्हता. फोटो काढले जात, पण ते घरच्या भिंतीसाठी. छापले जात ते कर्तबगार बाईचे: डॉक्टर झाली, शाळा काढली, परिषदेची अध्यक्ष झाली. चरित्राला जोडून, पुष्कळदा निधनानंतर. कर्तबगार बाई छापायला चाले, नुसती देखणी चालत नसे. देखणेपण दाखवायचे तर त्याला कोणीतरी असा हवा होता, ज्याच्या अब्रूला धक्का लागण्याचा प्रश्नच येत नाही.

तो १९०५ साली मिरजेला शकुंतला होऊन रंगभूमीवर आला. नारायण श्रीपाद राजहंस, वय सतरा. बालगंधर्वांच्या गाण्यावर आजवर उदंड लिहिले गेले, अजून लिहिले जाईल. मला इथे त्यांच्याकडे गाणे बाजूला ठेवून पाहायचे आहे, आणि हे पाप आहे हे कबूल. १९११चे 'मानापमान', १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६चे 'स्वयंवर'. भामिनी आणि रुक्मिणी या भूमिकांमधले त्यांचे फोटो पाहा. अंगावर खरा शालू, खरी जर. चापूनचोपून नेसलेले नऊवार, पायघोळ, घोट्याशी नेमके थांबलेले. पदराची एक बाजू हातात, मान किंचित कलती. फोटोसाठी उभे राहणे ही वेगळी कला आहे, आणि मराठीत ती ज्यांना प्रथम पूर्ण अवगत झाली त्यांत बालगंधर्व पहिले. त्या काळचे घरगुती फोटो शेजारी ठेवा. बायका कॅमेऱ्याकडे अशा पाहतात जणू पंच समोर बसले आहेत. बालगंधर्व कॅमेऱ्याकडे पाहतच नाहीत. आपल्याला पाहिले जात आहे हे त्यांना माहीत आहे आणि आवडते आहे.

बायकांनी त्यांची नक्कल केली, हे त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्या अनेकांनी सांगितले आहे. तसा पदर, तसा खोपा, तशी फुले. त्यांची छबी साबणावर आली, टॉनिकच्या बाटलीवर आली, पावडरीच्या डब्यावर आली. चित्रपटतारकांच्या जाहिराती येण्याच्या कितीतरी आधी मराठी घरात प्रसाधने विकणारा पहिला चेहरा पुरुषाचा होता. आज हे ऐकून हसू येते, पण त्या वेळच्या दृष्टीने ही व्यवस्था किती सोयीची होती पाहा. नवरा तो फोटो विकत घेऊन बायकोला देऊ शकत होता. सासरा तो भिंतीवर लावू देत होता. त्यातले सौंदर्य कोणाच्याही घरातून बाहेर पडलेले नव्हते. नाव पुरुषाचे, तेही लोकमान्यांच्या तोंडून निघाले असे सांगतात असे, म्हणजे शंकेला जागाच नाही.

सांगतात की नारायणराव घरंदाज बायकांचे उठणे, बसणे, वाकणे फार बारकाईने पाहत. हे खरे असेल तर प्रवास मोठा विलक्षण आहे. ठेवण मुळात घरातल्या बायकांची. ती एका पुरुषाने उचलली, पारखली, थोडी लांबवली, तिला दिव्यांचा उजेड दिला, आणि मग तीच ठेवण फोटोतून घरातल्या बायकांना परत मिळाली, आता फॅशन म्हणून. आपलीच वस्तू परत घेताना त्यांनी ज्याला दाद दिली तो पुरुष होता. ज्या आजी-मावश्यांकडून ती ठेवण उचलली, त्यांचे नाव कुठे येणार?

इथे एक गोष्ट मला सोडवत नाही. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, गडकरी गेल्यावर महिन्याभरात, बडोद्याला. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला हा नट सिंधू झाला आणि ठिगळांचे लुगडे नेसून उभा राहिला. त्या ठिगळांवरही प्रेक्षक लुब्ध झाले. दारिद्र्याचे लुगडे बघायला शालू नेसलेल्या बायका पहिल्या रांगांत बसल्या. फॅशनच्या छायाचित्रात फाटके कपडे मिरवण्याचा प्रकार आपण अलीकडचा मानतो, म्हणून आठवण करून दिली. पुढच्याच वर्षीच्या 'द्रौपदी'ने थाटाची कमाल केली आणि कंपनी कर्जाच्या खाईत गेली, ही त्या साड्यांची दुसरी बाजू.

छायाचित्राने बालगंधर्वांना वाढवले आणि छायाचित्रानेच थांबवले. स्टुडिओतला स्थिर कॅमेरा अंतरावर उभा असतो आणि रिटचिंगवाला मदतीला असतो. चित्रपटाचा कॅमेरा जवळ येतो. 'प्रभात'ने १९३५ साली 'धर्मात्मा'त त्यांना एकनाथ केले, तर लोकांना तो पुरुषवेष पटेना. १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तेव्हा वय एकोणपन्नास, आणि पडद्यावर ती जादू उतरली नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्यांपैकी विष्णुपंत पागनीस मात्र 'संत तुकाराम'मध्ये तुकाराम होऊन अजरामर झाले. त्यांच्या अंगावर होते साधे धोतर-उपरणे.

याच काळात तिन्ही गोष्टी एकत्र छापल्या जात होत्या, पण फार दूर आणि फार उंचावर. सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न १९११ साली स्वतः पत्र पाठवून मोडले आणि १९१३ साली लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. १९२२ साली ती विधवा झाली. शिफॉनची साडी आपल्या आईनेच प्रथम रूढ केली, असे तिची मुलगी गायत्रीदेवी हिने आत्मचरित्रात म्हटले आहे. फ्रान्समध्ये साडीच्या पन्ह्याचे शिफॉन विणवून घ्यायचे, पांढरे किंवा अगदी फिके, त्यावर मोती. फोटोच्या दृष्टीने याहून चांगला पोशाख नाही. लाल शालू प्लेटवर काळा ठिक्कर पडतो, तर पांढरे शिफॉन उजेड धरते आणि प्रत्येक चुणी वेगळी दिसते.

याच वर्षांत पुण्या-नाशिकच्या, वाई-साताऱ्याच्या ब्राह्मण घरांत विधवा बाई केस काढून लाल आलवण नेसून माजघरात वावरत होती. तिचा फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि काढला असता तर ते आलवण काळेच आले असते. एका मराठी विधवेचे पांढरे शिफॉन सगळ्या हिंदुस्थानात नकलेचा विषय झाले आणि दुसरीचे आलवण कोणी डोळा भरून पाहिलेही नाही. पैशाने आणि पदवीने काय विकत घेता येते याचा यापेक्षा स्वच्छ हिशेब मला माहीत नाही.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांची पत्नी संयोगिताराजे ही कागलच्या घाटग्यांची मुलगी. १९३०च्या सुमारास मॅन रे याने या जोडप्याची छायाचित्रे काढली. मॅन रे म्हणजे पॅरिसच्या नव्या कलेतला मोठा माणूस, आणि पोटासाठी फॅशनच्या मासिकांचा छायाचित्रकार. त्या फोटोंत ही कोल्हापूरकडची पोर परदेशी पोशाखात, आखूड केसांत इतकी मोकळी दिसते की तिच्या वयाच्या कोणत्याही मराठी मुलीचा तसा फोटो मी पाहिलेला नाही. बर्नार्ड बुते दि मोंवेल या चित्रकाराने दोघांना आधी युरोपीय पोशाखात रंगवले आणि काही वर्षांनी मराठी पोशाखात. तोही फॅशनच्या मासिकांसाठी चित्रे काढणाराच. संयोगिताराजे १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, तेव्हा पंचविशीही झाली नव्हती. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात यशवंतरावांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन झाले आणि जगाने ते फोटो पुन्हा पाहिले. त्या काळातल्या कागलच्या किंवा इंदूरच्या बायकांनी ते पाहिले असण्याचा संभव जवळजवळ नाही. घराण्याच्या नावाला धक्का लागायला ते नाव ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्यापर्यंत फोटो पोचावा लागतो. पॅरिस फार लांब होते.

मधल्या फळीतली कोंडी फोडली ती पदवीने. लीला चिटणीस धारवाडच्या, वडील इंग्रजीचे प्राध्यापक, 'नाट्यमन्वंतर'मधून रंगभूमीवर आलेल्या, चार मुलांचा संसार एकटीने ओढणाऱ्या. चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांची ओळख पदवीधर, सुसंस्कृत घरची स्त्री अशी करून दिली जाई. दहा वर्षांपूर्वी ज्या तऱ्हेच्या जाहिरातीने दुर्गाबाईंवर आभाळ कोसळले होते, तीच आता भांडवल झाली. 'कंगन' आणि 'बंधन' गाजले, आणि १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा फोटो आला. लक्ससाठी झळकलेली पहिली हिंदी चित्रपटतारका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. बालगंधर्वांच्या छबीच्या साबणापासून इथवर यायला एक पिढी लागली. मधल्या काळात साबण तोच राहिला, चेहरा पुरुषाचा जाऊन बाईचा आला आणि त्याखाली तिचे स्वतःचे, नवऱ्याच्या आडनावासकट नाव आले. लीलाबाईंनी 'चंदेरी दुनियेत' या आत्मचरित्रात आपल्या कष्टांचा हिशेब मांडला आहे. तो वाचल्यावर साबणाच्या जाहिरातीतले हसू वेगळे दिसते.

मराठी मासिके मात्र बिचकूनच होती. 'स्त्री' १९३० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, पण त्यांना बाईच्या डोक्यात काय चालले आहे यात अधिक रस होता, आणि ते योग्यच होते. दिवाळी अंकांनी वेगळी वाट काढली. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' काढले आणि पुढची पंचवीस वर्षे मराठी मुखपृष्ठावरची बाई बऱ्याच अंशी त्यांनी ठरवली. दुसरे गोव्याचेच रघुवीर मुळगावकर. दलालांच्या बायका रेषेत पकडलेल्या, प्रांतोप्रांतीच्या, थोड्या अबोल. मुळगावकरांच्या फवाऱ्याने रंगवलेल्या, गुळगुळीत, पाणीदार डोळ्यांच्या. हाच हात कॅलेंडरवर लक्ष्मी काढी आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेच्या वेष्टनावर संकटात सापडलेली सुंदरी. दोघींचा चेहरा पुष्कळदा सख्ख्या बहिणींचा वाटतो.

हे चित्रकार मला अतिशय आवडतात, त्यामुळे पुढचे वाक्य जड जाते. तिरंगी छपाई हाताशी असताना, मुंबईत उत्तम फोटोग्राफर असताना मराठी दिवाळी अंक इतकी वर्षे रंगवलेल्या बाईला चिकटून राहिले, त्याला कलेच्या प्रेमाइतकेच हेही कारण असावे की रंगवलेली बाई कोणाची कोणी लागत नाही. तिच्या वडिलांचे पत्र येत नाही. अंकाच्या आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे नाव असते ते दलालांचे. साडी आहे, चेहरा आहे, आणि नाव विचारण्याची सोय नाही. अनेक घरांत मुलींनी त्या मुखपृष्ठांवरून ब्लाउजच्या बाह्या बेतल्या, शिंप्याला अंक नेऊन दाखवले. शिंप्याने विचारले असेल, ही कोण? तर उत्तर 'दलालांची' एवढेच.

इंग्रजीत गाडी पुढे गेली होती. 'ईव्ह्ज वीकली' १९४७ची, 'फेमिना' १९५९ची. त्यांत खऱ्या मुली, खऱ्या साड्या, खरी नावे. १९६६ साली ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी रीटा फारिया, घराणे मूळचे गोव्याचे, लंडनला जाऊन विश्वसुंदरी झाली, आणि मुकुट मिळाल्यावर डॉक्टरकीकडे परतली. मराठी वर्तमानपत्रांना तिचे कौतुक करणे त्यामुळे सोपे गेले असावे, असे मला वाटते. देखण्या बाईला कर्तबगारीचा आधार लागतो, हा जुना नियम अजून पुरता गेलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मागे राहिली, तिच्यासाठी पुन्हा तिसाच्या दशकात जावे लागेल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत होमाई नावाची एक पारशी मुलगी शिकत होती. १९१३ साली नवसारीला जन्मलेली, वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत. माणेकशॉ व्यारावाला या तरुणाने, पुढे तो तिचा नवरा झाला, तिला कॅमेरा शिकवला. मुलींच्या एका सहलीचे तिचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला. मग तिने वर्गातल्या मैत्रिणी टिपायला सुरुवात केली. त्यांत एक होती रेहाना मोगल.

फॅशनच्या छायाचित्रांचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा तर मी तो या फोटोंपासून लिहीन. रेहाना कधी वर्गात पुतळ्यापुढे काम करताना, कधी नुसती उजेडात उभी. अंगावर साधी साडी, ती नेसलेली आहे स्वतःसाठी. ना देवी, ना राणी, ना नटी. शिकणारी, हिंडणारी, मुंबईची मुलगी, आणि तिला टिपणारी तिच्याच वर्गातली. कॅमेऱ्याच्या मागे बाई असली की पुढची बाई पंचांसमोर उभी राहिल्यासारखी दिसत नाही, हे त्या फोटोंत फार स्पष्ट होते. पदर वाऱ्याने सरकलेला असला तर तसाच आहे. कोणी धावत येऊन नीट केलेला नाही. होमाईंनी पुढे दिल्लीत, साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून नेहरूंचे आणि माउंटबॅटनचे फोटो काढले. त्या फोटोंनी त्यांना कीर्ती दिली. मला त्यापेक्षा रेहाना अधिक महत्त्वाची वाटते.

ही छायाचित्रे तेव्हाच 'इलस्ट्रेटेड वीकली'सारख्या नियतकालिकांत छापून येऊ लागली होती. विद्यार्थिनीचे, त्यात बाईचे नाव संपादकांपुढे चालणार नाही, म्हणून सुरुवातीला ती माणेकशॉ यांच्या नावाने जात. चेहरा छापून आला, साडी आली, आणि या खेपेला गळाले ते फोटो काढणारीचे नाव.

सबीना गडिहोके यांनी होमाईंच्या घरी बसून, त्यांच्याशी बोलून, जुने फोटो पाहून २००६ साली पुस्तक केले. होमाई तेव्हा बडोद्यात एकट्या राहत होत्या, वय नव्वदीच्या पुढे. कोणत्या फोटोत कोण आहे हे त्यांना आठवत होते. रेहाना मोगलचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते त्या पुस्तकामुळे. त्यात तिच्या फोटोंशेजारी तिचे नाव आहे, आणि ते टिपणारीचेही.